दोन सुतांचा चौकोन : वऱ्हाडातील यंत्रे आणि छोट्या रॅचेटची निवड

१/१५
वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास सांगताना अमेरिकेतील यादवी युद्ध, मँचेस्टरच्या गिरण्या, रेल्वे आणि बाजारभाव यांची चर्चा होते. ज्या हातांनी जिनिंगची यंत्रे, रेल्वेची इंजिने आणि विहिरीवरचे पंप चालते ठेवले, त्यांच्या अवजारांची चर्चा क्वचितच होते. हा धागा अशाच एका अवजाराविषयी आहे : पाव इंची चौकोनाचे छोटे रॅचेट. ते कसे घडले, अमरावती-अकोल्याच्या मेकॅनिकला त्याची गरज केव्हा भासली, आणि ते विकत घेताना हा इतिहास कोणत्या कसोट्या हाती देतो?

२/१५
प्रथम यंत्रणा समजून घेऊ. दातेरी चाक आणि त्याच्या दातांत स्प्रिंगने दाबून धरलेला खटका, एवढाच रॅचेटचा गाभा. चाक एका दिशेने फिरले की खटका दातांवरून घसरत जातो. उलट फिरू लागले की दातात अडकतो. सायकलचे पायडल थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारा टिकटिक आवाज याच रचनेचा. पान्यात ही रचना बसवली की नटावरून पाना काढून पुन्हा लावण्याची गरज उरत नाही. दांडी पुढे-मागे हलवत राहावी. नट मात्र एकाच दिशेने फिरत राहतो.

३/१५
आता वऱ्हाडाकडे. १८५३ च्या तहाने निजामाचा हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या शाखामार्गाचे उद्घाटन करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. रुळांपाठोपाठ वाफेवर चालणारे जिन-प्रेस आले आणि अमरावती, अकोला, बडनेरा, मूर्तिजापूर येथे धुरांडी उभी राहू लागली.

४/१५
जिन म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारे यंत्र. वऱ्हाडात रुजलेल्या रोलर जिनचे मूळ फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाच्या १८४० च्या पेटंटात आहे. चामड्याचा रोलर तंतू ओढतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलती सुरी ती झटकून टाकते. रोलर झिजतो, सुरीचा दाब बदलतो, म्हणून बोल्ट पुन्हा पुन्हा ढिले करून कसावे लागतात. हंगाम मोजक्या महिन्यांचा. यंत्र थांबले की फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग वाढते. फिटरच्या हातातील पाना नीट बसतो की घसरतो, यावर अनेकांचा दिवस अवलंबून असे.

५/१५
ही यंत्रे आणि त्यांना फिरवणारी इंजिने मुख्यतः इंग्लंडमधून येत, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडची मापे येत. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एकसमान पद्धत मांडली. पुढे ती ब्रिटिश यंत्रबांधणीचे मानक ठरली. तिच्यात एक गंमत होती. व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या व्यासाचा असे. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून बरेच मोठे. नवशिक्याचा गोंधळ येथूनच सुरू होई.

६/१५
त्या लोखंडी युगाची वऱ्हाडातील सर्वांत लाडकी खूण म्हणजे शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही अडीच फुटी अरुंद रेल्वे मूर्तिजापूरहून एका बाजूस अचलपूर आणि दुसऱ्या बाजूस यवतमाळ यांना जोडत असे. हेतू अर्थातच कापूस. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने तिची गाडी १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढली. सात दशके एक इंजिन चालते, याचा अर्थ सात दशके कोणीतरी त्याचे नट सोडवत आणि आवळत होते. अशा इंजिनाला लांब दांडीचे जाड पाने लागत आणि खांद्याचा जोर लागे. छोट्या रॅचेटला तेथे फारसे काम नव्हते.

७/१५
रॅचेटचा पाना मात्र तोवर जन्माला येऊन बरीच वर्षे झाली होती. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जे. जे. रिचर्डसन याने १८६३ मध्ये रॅचेट असलेल्या सॉकेट पान्याचे पेटंट घेतले. खरी क्रांती १९२० ची. तोपर्यंत बहुतेक सॉकेट दांडीला कायमचे जोडलेले असत. मिलवॉकीच्या जोसेफ जॉन्सन याने पाच दांड्या आणि दहा सुटी सॉकेटे अशी मांडणी केली. कोणतीही दांडी कोणत्याही सॉकेटला चालावी. त्यातूनच स्नॅप-ऑन ही कंपनी उभी राहिली. आपल्या वर्कशॉपमध्ये ज्यांना ‘गोट्या’ म्हणतात, त्या याच सुट्या सॉकेटांच्या वंशातल्या.

८/१५
दांडी आणि गोटी यांना जोडतो तो चौकोनी खुंटा. त्याच्या मापावरून रॅचेट ओळखले जाते : पाव इंच, पाऊण सेंटीमीटरहूनही कमी, मग तीन-अष्टमांश इंच, मग अर्धा इंच. मिस्त्रींच्या भाषेत एक इंच म्हणजे आठ सूत. त्या हिशेबाने हे चौकोन दोन, तीन आणि चार सुतांचे. भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. गोट्या मिलिमीटरमध्ये आल्या, पण चौकोन जगभर इंचाचाच राहिला. आंतरराष्ट्रीय मानकात त्याला ६.३, १० आणि १२.५ मिलिमीटर म्हणतात, एवढेच.

९/१५
कायदा बदलला तरी जुनी यंत्रे भंगारात जात नाहीत. साठच्या दशकात ट्रॅक्टर देशात बनू लागले; महिंद्राचे ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या, तर टॅफेचे मॅसी फर्ग्युसनच्या आराखड्यावरचे. त्यांच्याबरोबर नटाची रुंदी इंचात मोजणारी पद्धत आली. एकाच गावात जिनला व्हिटवर्थ, ट्रॅक्टरला इंच आणि नव्या पंपाला मिलिमीटर, अशी तीन मापे नांदू लागली. अर्ध्या इंची नट १२.७ मिलिमीटरचा, त्यावर १३ ची गोटी बसते, पण सैल बसते. जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार आणि १८९७ मध्ये कापूस-धान्य बाजाराचा कायदा, असा मान मिळवणाऱ्या वऱ्हाडात वर्कशॉपची मापे मात्र अशी विखुरलेली होती.

१०/१५
छोट्या रॅचेटचे दिवस आले ते यंत्रे लहान झाल्यावर. सुझुकीच्या सहकार्याने १९८४ मध्ये आणि होंडाच्या सहकार्याने १९८५ मध्ये शंभर सीसीच्या मोटारसायकली भारतात बनू लागल्या. हळूहळू त्या अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत पोहोचल्या. कापसावर फवारणीसाठी पाठीवरची पेट्रोल यंत्रे आली. या यंत्रांत बीडाच्या जागी ॲल्युमिनियम होते, बोल्ट सहा मिलिमीटरचे आणि डोकी आठ किंवा दहा मिलिमीटरची. शिवाय कार्ब्युरेटरच्या मागे हात शिरायला जागा नाही. जेथे लांब पाना अर्धी फेरीही घेऊ शकत नाही, तेथे पाव इंची रॅचेट काम करते.

११/१५
येथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा. मोठ्या लोखंडावर तयार झालेला हात ॲल्युमिनियमचा घात करतो. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. साडेबारा सेंटीमीटर दांडीच्या टोकाला त्यासाठी सुमारे आठ किलोचा जोर लागतो. पंचवीस सेंटीमीटर दांडीला अवघा चार किलोचा. म्हणजे अर्ध्या इंची रॅचेटने तो बोल्ट आवळताना हाताला काही जाणवण्यापूर्वीच आटे जातात. आटे गेले की इंजिनाचे कव्हर लेथवर न्यावे लागते आणि ऐन फवारणीतला दिवस बुडतो. छोट्या रॅचेटची आखूड दांडी ही उणीव वाटते. प्रत्यक्षात तेच त्याचे संरक्षण आहे.

१२/१५
आता निवड. पहिली कसोटी दातांची. ३६ दात असतील तर दांडी किमान १० अंश हलवल्यावर पुढचा दात लागतो. ७२ असतील तर ५ अंश. ९० असतील तर ४. अडचणीच्या जागी हा फरक निर्णायक ठरतो. मात्र दात वाढले की प्रत्येक दात बारीक होतो. चांगला निर्माता रुंद खटका वापरून एकाच वेळी अनेक दातांवर भार वाटतो. स्वस्त रॅचेटमध्ये केवळ आकडा मोठा असतो आणि खटका अरुंद. मोटारसायकल आणि फवारणी यंत्राच्या कामाला ७२ च्या आसपास दात आणि रुंद खटका ही जोडी समाधानकारक ठरते.

१३/१५
दुसरी कसोटी उलट फेरीच्या हलकेपणाची. नट ढिला झाल्यावर त्याचे घर्षण कमी होते. त्या वेळी खटक्याची स्प्रिंग फार कडक असेल, तर दांडी मागे नेताना नटही मागे येतो आणि रॅचेट निरुपयोगी होते. दुकानातच गोटी दोन बोटांत अलगद धरून दांडी मागे न्यावी. गोटी स्थिर राहिली पाहिजे. तिसरी कसोटी डोके उघडण्याची सोय. वऱ्हाडात काळ्या मातीची धूळ आणि रुईचा तंतू दोन्ही आत शिरतात. डोके स्क्रूने उघडता यावे, खटका-स्प्रिंगचा सुटा संच मिळावा. आत पातळ तेल घालावे. घट्ट ग्रीसमध्ये धूळ चिकटते, खटका पूर्ण बसत नाही, आणि तो भाराखाली निसटला की बोटांची हाडे थेट इंजिनावर आदळतात.

१४/१५
चौथी कसोटी गोट्यांची. झिजलेल्या नटावर बाराकोनी गोटी घसरते. सहाकोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते. गोटी सोडण्याचे बटण असेल तर तेलकट हातांना सोपे जाते. या बटणालाही इतिहास आहे. अमेरिकेत सिअर्स या दुकानातील पीटर रॉबर्ट्स नावाच्या तरुण नोकराने ते शोधले. १९६५ मध्ये पेटंट मिळाले. कंपनीने त्याला १० हजार डॉलर देऊन हक्क घेतले आणि लाखो पाने विकले. त्याने दावा लावला, आणि ते प्रकरण तडजोडीने मिटायला १९८९ साल उजाडले. अवजार वापरणाऱ्या हाताला काय कळते, याची किंमत बाजाराने किती उशिरा ओळखली, त्याचा हा दाखला.

१५/१५
शेवटी मर्यादा. चौकोनाची बाजू दुप्पट झाली की पीळ सोसण्याची ताकद सुमारे आठपट होते. म्हणून पाव इंची रॅचेटकडून अर्ध्या इंचीचे काम कधीही करून घेऊ नये. गंजलेला नट आधी साध्या दांडीने किंवा रिंग पान्याने मोडावा, मग रॅचेटने सोडवावा. दांडीला पाइप लावणे म्हणजे खटका तोडणे. पोलाद क्रोम-व्हॅनेडियमचे असावे. त्यासाठी परदेशी नावच हवे असे नाही; नाशिकमध्ये टपारियाने साठच्या दशकातच स्वीडिश सहकार्याने हातअवजारांचा कारखाना उभा केला आहे. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि आयटीआयमधून आजही फिटर घडतात. त्यांच्या पेटीतील जुने पाने, त्यांवरचे इंचाचे आणि व्हिटवर्थचे आकडे, हीसुद्धा वऱ्हाडच्या इतिहासाची साधने आहेत. ती भंगारात जाण्यापूर्वी नोंदवली जायला हवीत.