‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणजे नेमकं काय? मुलांना घरच्या घरी करता येतील असे ३ प्रयोग

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून आणा’ असं सांगितलं जातं. मग संध्याकाळी काय होतं? आई-बाबा स्टेशनरीच्या दुकानात. रंगीत कागद, चमकी, फेव्हिकॉल, थर्माकोल असं सगळं नवीन आणून एका जुन्या बाटलीवर चिकटवलं जातं. आठवड्याभरात ती वस्तू कचऱ्यात जाते.

यात गंमत अशी की साधी प्लॅस्टिकची बाटली भंगारवाला विकत घेतो. चमकी आणि डिंक लावलेली बाटली सहसा घेत नाही, कारण वेगवेगळे पदार्थ एकमेकांना चिकटले की ते वेगळे करणं अवघड जातं. म्हणजे आपण विकली जाणारी वस्तू टाकाऊ करून ठेवली!

तर मग खरं ‘टाकाऊतून टिकाऊ’ कसं असतं?

अरविंद गुप्ता यांनी काय केलं?

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनीअर. पुण्यात टेल्कोत नोकरीला असताना १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांमध्ये प्रयोगशाळा नव्हत्या. गुप्तांनी आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी बनवली. पुढे अनेक वर्षं ते पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम करत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि पुस्तकं इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

ही खेळणी करायला मोठ्या शहरात असण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगर–बीड रस्त्यावरच्या पाचोडसारख्या गावात पंक्चरचं दुकान, मोटार वायंडिंगचं दुकान आणि रिकाम्या बाटल्या असल्या की झालं.

१. काड्यांचं घर

लागणारं साहित्य: काडेपेटीतल्या वापरलेल्या काड्या (जळकं टोक मोडून टाका) आणि सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी.

नळीचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. तुकड्याच्या दोन्ही टोकांत काड्या खोचा. ३ काड्यांचा त्रिकोण आणि ४ काड्यांचा चौकोन करा. आता दोन्ही दाबून बघा. चौकोन लगेच तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या शेडच्या कैच्या आणि विजेचे मनोरे यांत त्रिकोण का दिसतात, हे मुलांना इथेच कळतं.

२. फिरणारी मोटार

लागणारं साहित्य: एक मोठा सेल, २ सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधलं चुंबक, सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी आणि वायंडिंगच्या दुकानात उरलेली मीटरभर तांब्याची तार.

तार सेलभोवती साधारण १० वेळा गुंडाळून रिंगण करा आणि दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढा. एका टोकावरचं इन्सुलेशन पूर्ण खरवडा, दुसऱ्यावरचं फक्त एका बाजूनं. रबरी पट्टीनं सेलच्या दोन्ही टोकांना एकेक पिन उभी बसवा. पिनांच्या भोकांत रिंगणाची टोकं अडकवा, खाली सेलवर चुंबक ठेवा आणि हलका धक्का द्या. रिंगण फिरू लागेल.

एकच बाजू का खरवडायची? दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर धक्का उलट दिशेनं बसतो आणि रिंगण नुसतं डोलत राहतं. शेतातल्या पंपाची रचना वेगळी असते, पण तीही वीज आणि चुंबकत्वाच्या जोरावरच फिरते.

काळजी: रिंगण थांबलं की लगेच काढून ठेवा, तार तापते. मोठं माणूस जवळ हवं.

३. बाटलीच्या धारा

पाण्याच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी ३ भोकं पाडा. बाटली उंच ओट्याच्या कडेला ठेवून भरा. सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब पडते, कारण तिच्यावर पाण्याचा दाब जास्त असतो. पाण्याची टाकी उंचावर का बांधतात, याचं उत्तर इथे आहे.

खेळ झाला की हीच बाटली रोपाशेजारी तोंड वर ठेवून मातीत गाडा. भरून ठेवली की पाणी हळूहळू मुळांपाशी झिरपतं.

काय अजिबात वापरू नये?

हे सगळ्यात महत्त्वाचं. कापूस आणि मोसंबीच्या भागात घरोघरी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या-डबे असतात. ते कितीही धुतले तरी मुलांच्या हाती देऊ नका. इंजेक्शनच्या सुया, फुटलेल्या ट्यूबलाइट आणि घड्याळातले बटण सेलही लांब ठेवा. बटण सेल गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं.

वस्तू चांगली झाली हे कसं ओळखायचं?

स्वतःला ३ प्रश्न विचारा. नवीन किती आणावं लागलं? मुलानं स्वतः किती केलं? आणि खेळून झाल्यावर भाग सुटे करून पुन्हा वापरता किंवा भंगारात देता येतात का?

पुढच्या वेळी शाळेतून असा प्रकल्प आला, तर स्टेशनरीच्या दुकानाआधी पंक्चरच्या दुकानात डोकावून बघा.