खाजणातील नेचा : हरितलवकाच्या साक्षीने एका वंशाचा शोध

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. आज ती गोदामांसाठी ओळखली जातात. परंतु या पट्ट्याची भूरचना उल्हास नदीच्या खाडीने घडविली आहे. बांधाच्या एका बाजूस भाताची खाचरे व दुसऱ्या बाजूस भरतीच्या पाण्याचे खाजण, ही उत्तर कोकणातील परिचित रचना होय. अशा बांधाच्या दोन बाजूंना वाढू शकणाऱ्या दोन नेच्यांचे नाते कसे उलगडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

महाराष्ट्राच्या कांदळवनांत आढळणारा ॲक्रोस्टिकम ऑरियम हा नेचा पुरुषभर उंच वाढतो. लिनियसने १७५३ मध्ये त्याचे नामकरण केले. पानाच्या खालच्या बाजूवर सलग पसरलेल्या बीजाणुधानी हे लक्षण प्रमाण मानल्यामुळे पुढे कितीतरी असंबद्ध नेचे याच प्रजातीत कोंबले गेले. दुसरा नेचा सेराटॉप्टेरिस. तो खाचरांत व डबक्यांत उगवतो, नाजूक आणि अल्पायुषी असतो. जुन्या वर्गीकरणात त्याला पार्केरिएसी हे स्वतंत्र कुल दिलेले असे. हे दोघे सख्खे भाऊबंद असतील, हे बाह्यरूपावरून सहज सुचणारे नव्हते.

साक्ष मिळाली ती हरितलवकाच्या जनुकसंचातून. दोन पोथ्यांत एकच पाठदोष आढळला तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे पाठचिकित्सक मानतो. येथील तर्कही तोच आहे. १९८६ मध्ये तंबाखू व मार्कान्शिया यांचे संपूर्ण हरितलवकीय संच जपानमध्ये वाचले गेले. १९९२ मध्ये रॉबेसन व जॅन्सन यांनी दाखविले की, या संचाचा सुमारे ३० हजार बेसजोड्यांचा एक तुकडा नेचे व बीजधारी वनस्पती यांत उलटा बसला आहे. लायकोपोड गटात मात्र जुनाच क्रम टिकून आहे. २००३ मध्ये हंसराज नेच्याचा १,५०,५६८ बेसजोड्यांचा संच प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये शुएटपेल्झ व सहकाऱ्यांनी तीन हरितलवकीय जनुकांच्या आधारे टेरिडेसी कुलाची वंशावळ मांडली. तीत ॲक्रोस्टिकम व सेराटॉप्टेरिस एकाच शाखेवर आले. मिठाच्या पाण्यातला आणि गोड्या पाण्यातला, दोघांचे घराणे पाणथळीचेच!

या नात्याला काळाची खोलीही आहे. दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळात सापडलेल्या ॲक्रोस्टिकमच्या अश्मीभूत अवशेषांचे वर्णन पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील बोंडे व कुमारन यांनी २००२ मध्ये केले. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यावरून मध्य भारतापर्यंत समुद्राचा फाटा आला होता, असे अनुमान काढले जाते. केवळ या नेच्यावर ते टेकवणे मला धाडसाचे वाटते, कारण ॲक्रोस्टिकम गोड्या पाण्यातही जगतो. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलान येथील निपा पामच्या जीवाश्म फळांची जोड मिळते, तेव्हाच त्या अनुमानास बळ येते.

या नेच्याचे बीजाणू कमी क्षारतेत अधिक चांगले रुजतात. म्हणजे प्रौढ झाड भरती सोसत असले, तरी नव्या पिढीस पावसाचे पाणी साचणारी खाजणाची वरची कड लागते. भराव प्रथम पडतो तो याच कडेवर. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यास संरक्षण दिले. परंतु त्यापलीकडच्या खाचरांतला सेराटॉप्टेरिस त्या मोजणीत येत नाही. पूर्णा परिसरात वनस्पतिनोंद करणाऱ्या महाविद्यालयांनी बांधाच्या दोन्ही बाजूंचे नमुने एकाच पत्रकात घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते.