सेरुलोप्लास्मिन चाचणी

सेरुलोप्लास्मिन चाचणी ही शरीरातील तांब्याच्या चयापचयाची स्थिती जाणून घेण्यासाठी केली जाणारी रक्तचाचणी आहे. या चाचणीत रक्तरसातील सेरुलोप्लास्मिन या प्रथिनाचे प्रमाण मोजले जाते. विल्सन रोग या आनुवंशिक विकाराचा संशय आल्यास प्रारंभी ज्या तपासण्या सुचवल्या जातात, त्यांत या चाचणीचा समावेश होतो. मात्र केवळ या एका चाचणीवरून विल्सन रोगाचे निदान निश्चित करता येत नाही किंवा तो नसल्याचेही सांगता येत नाही. तसेच तांब्यामुळे होणाऱ्या सर्वच विकारांत हे प्रथिन कमी होत नाही. पश्चिम महाराष्ट्रात एके काळी आढळणारा लहान मुलांचा यकृत सूत्रण रोग हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

तांबे आणि सेरुलोप्लास्मिन

तांबे हे शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असलेले मूलद्रव्य आहे. प्रौढ व्यक्तीच्या आहारातून दररोज साधारणपणे १ ते २ मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. आतड्यात शोषले गेलेले तांबे रक्तावाटे यकृतात पोहोचते. यकृतातील पेशी त्याचा काही भाग सेरुलोप्लास्मिन तयार करताना त्यात बसवतात आणि जास्तीचे तांबे पित्तावाटे आतड्यात सोडतात. हे पित्त मलाबरोबर बाहेर पडते. तांबे शरीराबाहेर टाकण्याचा हाच मुख्य मार्ग असून मूत्रावाटे जाणारे तांबे फारच थोडे असते.

सेरुलोप्लास्मिन हे निळसर रंगाचे ग्लायकोप्रथिन आहे. त्याच्या नावाचा पूर्वार्ध आकाशी निळ्या रंगासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. त्याच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू घट्ट बांधलेले असतात. निरोगी व्यक्तीच्या रक्तातील सुमारे ९० टक्के तांबे याच प्रथिनात असते. लोहाच्या अणूंचे ऑक्सिडीकरण करून ते वाहून नेण्यायोग्य करणे हे या प्रथिनाचे प्रमुख कार्य आहे.

विल्सन रोगात तेराव्या गुणसूत्रावरील एटीपी७बी या जनुकात बिघाड असतो. त्यामुळे यकृताची दोन्ही कामे अडतात. तांबे सेरुलोप्लास्मिनमध्ये बसवले जात नाही आणि पित्तावाटे बाहेरही टाकले जात नाही. तांबे न बसलेले प्रथिन रक्तात लवकर नष्ट होते, म्हणून त्याची पातळी घटते. दुसरीकडे तांबे यकृतात आणि पुढे मेंदू, डोळे व मूत्रपिंड यांत साठत जाते. शरीरात तांबे वाढलेले असतानाही तांबे वाहणारे प्रथिन कमी असते, या वरवर विसंगत वाटणाऱ्या स्थितीचे कारण हे आहे.

इतिहास

सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. १९४८ मध्ये स्वीडनमधील होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी सेरुलोप्लास्मिन वेगळे केले. विल्सन रोगात हे प्रथिन कमी असते, हे शाइनबर्ग व गिटलिन यांनी १९५२ मध्ये दाखवले. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी तांबे मूत्रावाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध वापरात आणले. १९९३ मध्ये एटीपी७बी या जनुकाचा शोध लागला.

चाचणीची पद्धत

चाचणीसाठी हाताच्या शिरेतून थोडे रक्त घेतले जाते. रक्त गोठल्यानंतर वेगळा केलेला रक्तरस तपासला जातो. बहुतेक प्रयोगशाळांत प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिनाचे प्रमाण मोजतात. प्रथिनाच्या ऑक्सिडीकरण क्षमतेवर आधारित दुसरी पद्धतही आहे. पहिल्या पद्धतीत तांबे नसलेले प्रथिनही मोजले जात असल्याने निष्कर्ष प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो.

सातारा जिल्ह्यातील लोणंद किंवा फलटण यांसारख्या गावांत नमुना घेण्याचे ठिकाण आणि प्रत्यक्ष तपासणीची प्रयोगशाळा वेगवेगळ्या शहरांत असू शकतात. अशा वेळी रक्तरस वेळेत वेगळा करून थंड अवस्थेत पाठवणे महत्त्वाचे ठरते. रुग्ण गर्भवती असल्यास, गर्भनिरोधक गोळ्या किंवा जस्तयुक्त औषधे घेत असल्यास, अथवा त्याला नुकताच ताप येऊन गेला असल्यास त्याची नोंद नमुन्यासोबत असणे उपयुक्त असते.

निष्कर्षांचा अर्थ

प्रौढांमध्ये सेरुलोप्लास्मिनची नेहमीची पातळी साधारणपणे दर डेसिलिटरला २० ते ४० मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा थोडी बदलते, म्हणून अहवालावर छापलेली मर्यादाच ग्राह्य धरतात. काही अहवालांत एकक मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा ग्रॅम प्रति लिटर असे असते. २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ०.२ ग्रॅम प्रति लिटर हे तिन्ही आकडे एकच प्रमाण दर्शवतात.

* २० पेक्षा जास्त (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर): विल्सन रोगाची शक्यता कमी होते, परंतु पूर्णपणे संपत नाही.
* १० ते २०: निष्कर्ष संदिग्ध असतो. रोगाचे रुग्ण, सदोष जनुकाचे निरोगी वाहक आणि अन्य विकारांचे रुग्ण हे सर्व या गटात आढळतात.
* १० पेक्षा कमी: विल्सन रोगाचा दाट संशय घेतला जातो.

रक्तातील एकूण तांबे आणि सेरुलोप्लास्मिन या दोन्हींचे मापन एकाच वेळी केल्यास प्रथिनाला न बांधलेल्या, म्हणजे 'मुक्त' तांब्याचा अंदाज काढता येतो. सेरुलोप्लास्मिनच्या प्रत्येक मिलिग्रॅममध्ये सुमारे ३ मायक्रोग्रॅम तांबे असते. एखाद्या व्यक्तीचे सेरुलोप्लास्मिन ३० मिलिग्रॅम आणि एकूण तांबे १०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर बांधलेले तांबे ९० व मुक्त तांबे १० मायक्रोग्रॅम येते. दुसऱ्या व्यक्तीत हेच आकडे ८ आणि ६० असतील, तर बांधलेले तांबे २४ व मुक्त तांबे ३६ मायक्रोग्रॅम येते. दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तातील एकूण तांबे कमी असूनही ऊतींना अपायकारक ठरणारे तांबे अधिक आहे. उपचार न झालेल्या विल्सन रोगात मुक्त तांबे सामान्यतः २५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असते. मात्र दोन्ही मापनांतील लहानशा चुकीमुळेही हे गणित बिघडते आणि कधी कधी उत्तर ऋणही येते.

मर्यादा

सेरुलोप्लास्मिन दाह आणि संसर्गात वाढते. गर्भारपणात व इस्ट्रोजेनयुक्त औषधांमुळेही त्याची पातळी चढते. त्यामुळे विल्सन रोग असलेल्या व्यक्तीतही ती तात्पुरती नेहमीच्या मर्यादेत दिसू शकते.

याउलट पुढील स्थितींत विल्सन रोग नसतानाही पातळी कमी असू शकते:

* नवजात अर्भके व सुमारे सहा महिन्यांपर्यंतची बालके
* अन्य कारणांनी यकृत निकामी होणे
* मूत्रपिंड किंवा आतड्यांतून प्रथिनांचा ऱ्हास होणे
* तीव्र कुपोषण
* तांब्याची कमतरता, विशेषतः दीर्घकाळ अतिरिक्त जस्त घेतल्यामुळे झालेली
* मेंकेस रोग आणि सेरुलोप्लास्मिनचा जन्मजात अभाव

व्हिएन्ना येथील १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृतविकाराच्या २,८६७ रुग्णांची ही चाचणी करण्यात आली. त्यांपैकी १७ जणांत पातळी कमी आढळली, परंतु विल्सन रोग एकालाच निघाला. लक्षणांचा विचार न करता सरसकट चाचणी केल्यास कमी आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते, हे यावरून दिसते.

पूरक तपासण्या

चोवीस तासांच्या मूत्रातील तांबे मोजण्याच्या चाचणीत दिवसभराचे सर्व मूत्र धातुविरहित स्वच्छ बाटलीत जमा करावे लागते. उपचारापूर्वी हे प्रमाण १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असल्यास ते विल्सन रोगाकडे निर्देश करते. मुलांमध्ये ४० मायक्रोग्रॅमच्या वरील प्रमाणही संशयास्पद मानतात. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पच्या साहाय्याने डोळ्याच्या स्वच्छमंडलाच्या कडेला साठलेल्या तांब्याचे तपकिरी-हिरवट वलय शोधतात. त्यास कायसर–फ्लायशर वलय म्हणतात. आवश्यकतेनुसार यकृताच्या तुकड्यातील तांबे मोजतात आणि जनुकीय तपासणी करतात. २००१ मध्ये लाइपझिग येथील बैठकीत या सर्व बाबींना गुण देऊन निदान करण्याची पद्धत मांडण्यात आली. तीत एकूण गुण ४ किंवा अधिक असल्यास निदान निश्चित मानतात. सेरुलोप्लास्मिन कितीही कमी असले तरी त्यास जास्तीत जास्त २ गुण मिळतात.

पश्चिम महाराष्ट्रातील बाल यकृत सूत्रण रोग

भारतातील लहान मुलांच्या यकृत सूत्रण रोगाचे वर्णन १८८७ मध्ये कोलकात्याहून सेन यांनी केले होते. साधारणपणे सहा महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांचे यकृत वाढून कठीण होत असे. पुढे कावीळ व जलोदर होऊन बहुतेक मुले दगावत. एकाच घरातील भावंडे बळी पडत असल्याने हा रोग आनुवंशिक असावा, असे दीर्घकाळ मानले जाई. या मुलांच्या यकृतात विल्सन रोगापेक्षाही जास्त तांबे आढळत असे.

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या रोगाचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९८३ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजारी मुलांना लहान वयातच वरचे दूध सुरू केलेले होते आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवले व साठवले जात होते, असे या अभ्यासमालेत दिसून आले. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला बांधून ठेवते, त्यामुळे अशा भांड्यातील दुधात पाण्यापेक्षा अधिक तांबे उतरते. निरोगी मुलांच्या घरांत हा प्रकार कमी आढळला. पेनिसिलामाइन लवकर सुरू केल्यास काही मुले वाचू शकतात, हेही याच गटाने दाखवून दिले. स्टेनलेस स्टीलची भांडी रूढ झाल्यावर व पितळेत दूध ठेवण्याची प्रथा मागे पडल्यावर हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा थर देण्याची, म्हणजे कल्हई करण्याची, पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, आमटी यांसारखे आंबट पदार्थ कळकतात, हा घरोघरीचा अनुभव होता. दूध मात्र चवीत विशेष फरक न पडताही तांबे शोषून घेते.

या रोगात सेरुलोप्लास्मिन बनवण्याची क्रिया शाबूत असते. म्हणून त्याची रक्तातील पातळी सर्वसाधारण किंवा वाढलेली आढळते. चाचणीचा निष्कर्ष चांगला आला, तरी यकृतातील तांब्याचा साठा धोकादायक असू शकतो. ऑस्ट्रियातील टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात असाच रोग १३८ बालकांत नोंदला गेला. तेथेही तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या दुधाशी त्याचा संबंध आढळला.

कुटुंबीयांची तपासणी

विल्सन रोग अप्रभावी पद्धतीने संक्रमित होतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे एका मुलात निदान झाल्यावर त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांची, ती निरोगी दिसत असली तरी, तपासणी करणे आवश्यक मानले जाते. आतेभाऊ-मामेबहीण अशा नात्यांतील विवाहांत दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार सुरू झाल्यास यकृत व मेंदूची हानी टाळता येते. निरोगी वाहकाला उपचारांची गरज नसते.

उपचार आणि चाचणी

विल्सन रोगात पेनिसिलामाइन, ट्रायेंटीन किंवा जस्त ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. ती अचानक बंद केल्यास यकृत निकामी होऊ शकते. उपचारांनी प्रकृती सुधारली तरी सेरुलोप्लास्मिन वाढेलच असे नाही. म्हणून सुधारणा जोखण्यासाठी या चाचणीऐवजी मूत्रातील तांबे, मुक्त तांबे आणि यकृताच्या कार्याच्या चाचण्या वापरतात. या रुग्णांना तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी पिऊ नये, असा सल्ला दिला जातो.

हेही पाहा

* तांबे
* यकृत
* विल्सन रोग
* कल्हई