मनोरुग्णालयात दाखल करण्याच्या न्यायालयीन आदेशांची बंदूकखरेदी तपासणीसाठी नोंद (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यायालयाने एखाद्या व्यक्तीस सक्तीने मनोरुग्णालयात दाखल करण्याचा आदेश दिल्यास किंवा तिला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवल्यास, त्या निर्णयाची माहिती बंदूकखरेदीपूर्वीच्या तपासणीसाठी राष्ट्रीय सूचीत नोंदवण्याची व्यवस्था आहे. अशा व्यक्तीने बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने १९६८ पासून मनाई आहे. मात्र न्यायालयाच्या दप्तरातील आदेश विक्रेत्याच्या तपासणीपर्यंत पोहोचल्याशिवाय खरेदीच्या वेळी ही मनाई लागू करता येत नाही. संघराज्यात्मक रचना, आरोग्यविषयक गोपनीयता आणि कार्यालयांमधील अपुरा समन्वय यांमुळे ही साखळी दीर्घकाळ अपूर्ण राहिली.

कायदेशीर आधार

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ऑक्टोबर १९६८ मध्ये बंदूक नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्या व्यक्तींना बंदूक बाळगता येत नाही, त्यांचे वर्ग या कायद्याने ठरवले आहेत. त्यांपैकी एका वर्गात मानसिकदृष्ट्या सदोष म्हणून अधिकृतपणे ठरवलेल्या आणि मनोरुग्णालयात दाखल करण्याचा आदेश झालेल्या व्यक्ती येतात. कायद्यातील ही भाषा आज कालबाह्य व अवमानकारक मानली जाते. तरीही ती मूळ स्वरूपात कायम आहे.

या संज्ञांचा अर्थ नियमांद्वारे स्पष्ट करण्यात आला आहे. न्यायालय, मंडळ, आयोग किंवा अन्य कायदेशीर प्राधिकरणाने मानसिक आजारामुळे संबंधित व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे, अथवा स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास असमर्थ आहे, असा निर्णय दिलेला असला पाहिजे. फौजदारी खटल्यात मनोविकृतीच्या कारणावरून निर्दोष ठरलेल्या आणि खटला चालवण्यास अक्षम ठरलेल्या व्यक्तींचाही यात समावेश होतो. स्वेच्छेने उपचार घेणे, केवळ निरीक्षणासाठी रुग्णालयात राहणे किंवा एखाद्या आजाराचे निदान होणे, एवढ्यावरून संघीय बंदी लागू होत नाही. बंदीला कारण ठरतो तो अधिकृत निर्णय. आजार स्वतः नव्हे.

तपासणीची पद्धत

१९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी गंभीर जखमी झाले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ब्रेडी कायदा १९९३ मध्ये संमत झाला. त्यानुसार ३० नोव्हेंबर १९९८ पासून नॅशनल इन्स्टंट क्रिमिनल बॅकग्राउंड चेक सिस्टीम, संक्षेपाने निक्स, ही यंत्रणा कार्यरत झाली. फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन, म्हणजेच एफबीआय, वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथून ती चालवते.

ग्राहक परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात एक अर्ज भरतो. आपल्याला मनोरुग्णालयात दाखल करण्याचा आदेश कधी झाला होता काय, असा प्रश्न त्या अर्जात असतो. त्यानंतर ग्राहकाचे नाव, जन्मतारीख इत्यादी तपशील सूचीशी ताडून पाहिले जातात आणि विक्रीस अनुमती, विलंब किंवा नकार कळवला जातो. विलंब कळवल्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत अंतिम उत्तर न आल्यास संघीय कायद्यानुसार विक्रेत्याला विक्री करता येते. परवाना नसलेल्या खासगी व्यक्तींमधील विक्रीला ही संघीय तपासणी बंधनकारक नाही. काही राज्यांनी मात्र स्वतःच्या कायद्यांनी ती आवश्यक केली आहे.

न्यायालयाकडून सूचीपर्यंत

दाखल करण्याचे आदेश बहुधा राज्यांच्या स्थानिक न्यायालयांत होतात. न्यायालयाचा लिपिक आदेशाची माहिती राज्याच्या नियुक्त खात्याकडे पाठवतो आणि ते खाते ती निक्सच्या सूचीत भरते. टेक्सासच्या कायद्यानुसार लिपिकाने ही माहिती ३० दिवसांच्या आत राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे पाठवावी लागते. सूचीमध्ये व्यक्तीची ओळख पटवणारे तपशील आणि बंदीचा वर्ग एवढेच नोंदवले जाते. रोगनिदान व उपचारांचा तपशील त्यात नसतो.

राज्यांवर ही नोंद करण्याची थेट संघीय सक्ती नाही. १९९७ मध्ये प्रिंट्झ विरुद्ध अमेरिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की संघीय कार्यक्रम राबवण्यासाठी केंद्र सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना वेठीस धरू शकत नाही. त्यामुळे नोंदी पाठवणे राज्याच्या स्वतःच्या कायद्यावर आणि तयारीवर अवलंबून राहिले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी संघीय कायद्यापेक्षा व्यापक तरतुदी केल्या. तेथे धोकादायक ठरवून ७२ तासांसाठी सक्तीने दाखल केलेल्या व्यक्तीवरही राज्याच्या कायद्याने पाच वर्षांची बंदी येते. याउलट अनेक राज्ये वर्षानुवर्षे जवळजवळ काहीच पाठवत नव्हती.

व्हर्जिनिया टेक हत्याकांड

या त्रुटीचे परिणाम १६ एप्रिल २००७ रोजी देशासमोर आले. व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात ३२ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक यांचाही समावेश होता.

हल्लेखोर मानसिक आजारामुळे स्वतःला धोकादायक असल्याचा निर्णय डिसेंबर २००५ मध्ये न्यायिक अधिकाऱ्याने दिला होता. मात्र त्याला रुग्णालयात न ठेवता बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा आदेश झाला. संघीय नियमांनुसार तो बंदूक खरेदीस अपात्र होता. परंतु व्हर्जिनियात त्या काळी केवळ आंतररुग्ण म्हणून दाखल केलेल्यांचीच नोंद पाठवण्याचा प्रघात होता. परिणामी २००७ च्या आरंभी त्याने दोन पिस्तुले घेतली, तेव्हा तपासणीत काहीच आढळले नाही. घटनेनंतर दोनच आठवड्यांत राज्यपाल टिम केन यांनी कार्यकारी आदेशाद्वारे बाह्यरुग्ण उपचारांचे आदेशही नोंदवणे आवश्यक केले.

नंतरच्या सुधारणा

या हत्याकांडानंतर काँग्रेसने निक्स सुधारणा कायदा संमत केला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर ८ जानेवारी २००८ रोजी स्वाक्षरी केली. राज्यांना आज्ञा करता येत नसल्याने या कायद्याने अनुदान आणि अनुदानकपात यांचा मार्ग पत्करला. काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१२ च्या अहवालानुसार, राज्यांनी उपलब्ध केलेल्या मानसिक आरोग्यविषयक नोंदी २००४ मध्ये सुमारे १ लाख २६ हजार होत्या. २०११ पर्यंत त्या सुमारे १२ लाखांवर गेल्या. तथापि ही वाढ प्रामुख्याने १२ राज्यांच्या प्रयत्नांमुळे झाली होती. जवळपास निम्म्या राज्यांत वाढ १०० नोंदींपेक्षाही कमी होती.

काही राज्यांत अशा नोंदी आरोग्यखात्याच्या ताब्यात असल्याने रुग्णगोपनीयतेच्या कायद्याची अडचण सांगितली जाई. ती दूर करण्यासाठी २०१६ मध्ये नियमांत मर्यादित सवलत देण्यात आली. २०१८ च्या फिक्स निक्स कायद्याने संघीय खात्यांना व राज्यांना नोंदी पूर्ण करण्याच्या योजना आखण्यास सांगितले. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालील ग्राहकांसाठी राज्यांतील मानसिक आरोग्यविषयक नोंदींचीही विचारणा सुरू केली आणि तपासणीसाठी आवश्यकतेनुसार दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत मुदत दिली.

बंदी उठवण्याची तरतूद

संघीय बंदीला कालमर्यादा नाही. तारुण्यात काही दिवसांसाठी दाखल झालेली व्यक्ती पुढे पूर्ण बरी झाली, तरी नोंद आपोआप पुसली जात नाही. संघीय पातळीवर बंदीमुक्तीचे अर्ज तपासण्यासाठी काँग्रेसने १९९२ पासून अनेक वर्षे निधीच दिला नाही. २००८ च्या कायद्याने नोंदसुधारणेच्या अनुदानास पात्र होण्यासाठी राज्यांना बंदीमुक्तीची प्रक्रिया उभारण्याची अट घातली. अशी प्रक्रिया नसलेल्या मिशिगन राज्यातील एका नागरिकाने हिल्सडेल काउंटीविरुद्ध दावा केला. सुमारे तीन दशकांपूर्वी अल्पकाळ दाखल झाल्यामुळे आलेल्या आजन्म बंदीला त्याचे आव्हान होते. हा दावा चालवण्याजोगा असल्याचे सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले.

आक्षेप व मूल्यमापन

मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. त्यामुळे अशा सूचीने आजाराला कलंक चिकटतो आणि लोक उपचारांपासून दूर राहतात, असा आक्षेप घेतला जातो. समर्थकांच्या मते सूची आजारी व्यक्तींची नसून विहित प्रक्रियेने झालेल्या निर्णयांची आहे. सक्तीने दाखल करण्यासाठी स्पष्ट व खात्रीलायक पुरावा आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच ठरवले आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणून स्वतःला धोका असलेल्या व्यक्तींचे रक्षण हाही या व्यवस्थेचा महत्त्वाचा हेतू मानला जातो. न पाठवलेली नोंद इतरांच्या अथवा त्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते, तर चुकीची किंवा कालबाह्य नोंद तिचा हक्क हिरावून घेऊ शकते. त्यामुळे वेळेवर नोंद करणे आणि योग्य वेळी ती काढून टाकणे, या दोन्ही कसोट्यांवर या व्यवस्थेचे मूल्यमापन होते.