नदीकाठची वाट व उघडे दार : नर्मदा खोऱ्यातील पायवाटेच्या इतिहासाचे एक चिंतन

भोपाळच्या दक्षिण अंगास जाणाऱ्या कोलार रोडवर आमचे वास्तव्य आहे. ज्या नदीवरून या रस्त्यास नाव मिळाले, ती कोलार नदी विंध्याच्या उतारावरून वाहत जाऊन सिहोर जिल्ह्यात नर्मदेस मिळते. शहराच्या मोठ्या भागास पिण्याचे पाणी याच नदीवरील धरणातून येते. परंतु घरातील नळ सोडताना, याच पाण्याची धार पुढे जेथे मोठ्या नदीत विलीन होते तेथून शतकानुशतके माणसे पायी चालत आली आहेत, हे आम्हां शहरवासीयांच्या ध्यानी क्वचितच येते. त्या पायवाटेचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडावा, त्याच्या जोडीस फ्रान्समधील एका नदीखोऱ्यातील यात्रामार्गाचा इतिहास ठेवावा, आणि दोहोंवरून आम्हां धर्मसेवकांस काय शिकण्याजोगे आहे ते पाहावे, असा आमचा हेतू आहे. प्रश्न साधा आहे. वाट कशामुळे जगते, आणि कशामुळे मरते?

१. परिक्रमेची वाट

नर्मदा अमरकंटकास उगम पावून १,३१२ किलोमीटरांचा प्रवास करून खंभातच्या आखातास मिळते. तिच्या दोन्ही तीरांनी चालत जाऊन आरंभस्थानी परत येणे म्हणजे नर्मदा परिक्रमा. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची, तिचा प्रवाह कोठेही ओलांडावयाचा नाही, हा मुख्य नियम. म्हणून दक्षिण तीराने चालणारा पश्चिमेकडे समुद्रापर्यंत जातो, तेथे मुखाजवळ नावेने पलीकडे उतरतो, आणि उत्तर तीराने पुन्हा पूर्वेकडे वळतो. उपनद्या ओलांडण्यास मात्र मनाई नाही. आमच्या कोलार नदीच्या मुखाशी जो परिक्रमावासी भेटतो, तो असा समुद्राला वळसा घालून अमरकंटकाच्या दिशेने निघालेला असतो. परंपरेनुसार यास तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात, कारण चातुर्मासात एका जागी थांबावयाचे असते. संग्रह करू नये, मिळेल ते खावे, असाही दंडक आहे.

मराठी मनास ही वाट परकी नाही. गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या पुस्तकाने ती आमच्या साहित्यात आणली, आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने अनेक मराठी वाचकांस प्रत्यक्ष चालावयास लावले. त्याही आधी, अठराव्या शतकात, अहमदनगरजवळच्या चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी आपली राजधानी याच नदीच्या काठी महेश्वरास नेली. घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे यांवर त्यांनी केलेला खर्च सर्वश्रुत आहे. राजसत्तेने यात्रेकरूकडे केवळ कराच्या दृष्टीने न पाहता अतिथी म्हणून पाहावे, याचे ते एक उजळ उदाहरण होय.

तथापि केवळ राण्यांच्या दानाने एवढी लांब वाट टिकत नाही. ती टिकली गावोगावच्या सदावर्तामुळे. कोणी शेतकरी शिधा देतो, कोणी ओसरी देतो, कोणी नुसता चहा पाजतो. यास कोणतीही मध्यवर्ती संस्था नव्हती, नोंदवही नव्हती, आणि देणाऱ्यास पावतीही मिळत नसे.

२. वाटेवरील भय

वाटेचा इतिहास केवळ गोड सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सातपुड्यातील शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांस लुटले जाई, आणि अंगावरील वस्त्राखेरीज सर्व काही सोडून देण्याची मनाची तयारी करूनच तेथे शिरावे लागे, हे अनेक प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. परंतु ते सर्व लेखन लुटल्या गेलेल्यांचे आहे. ज्या भिल्लांच्या रानावर बाहेरच्यांचे कायदे आले, सावकार आला, त्यांची बाजू त्या पानांत फारशी येत नाही. यरीहोच्या वाटेवरील दृष्टान्त शिकविताना आपण लुटारूंविषयी सहसा काहीच बोलत नाही. शूलपाणीचा इतिहास आपणांस तो प्रश्न विचारण्यास भाग पाडतो.

येथे एका ख्रिस्ती नावाचा उल्लेख करणे उचित होईल. विसाव्या शतकात होशंगाबाद (२०२२ पासून नर्मदापुरम) भागात सेवा करणारे क्वेकर मिशनरी जेफ्री वेअरिंग मॉ यांनी या नदीचा व तिच्या यात्रेकरूंचा अभ्यास केला. नर्मदेवरील त्यांचे लेखन पुढे मार्जरी साइक्स यांनी संपादित केले. यात्रेकरूस उपदेश करण्यापूर्वी त्याच्याबरोबर चालावे, ही त्यांची रीत आम्हांस अनुकरणीय वाटते.

३. लॉट नदीचे खोरे

आता फ्रान्सकडे वळू. सन ९५०च्या सुमारास ल प्युई येथील बिशप गोदेस्काल्क हे स्पेनमधील सांतियागो येथे, प्रेषित याकोबाच्या म्हणून मानल्या गेलेल्या कबरेकडे, यात्रेस गेले. वाटेत एका स्पॅनिश मठातील भिक्षूने त्यांच्यासाठी एक ग्रंथ उतरवून दिला व त्यात त्यांच्या यात्रेची नोंद केली, म्हणून आपणांस हे ठाऊक आहे. बाराव्या शतकातील ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात फ्रान्समधून सांतियागोस जाणारे चार मार्ग दिले आहेत. त्यांपैकी ल प्युईचा मार्ग ओब्राकचे पठार ओलांडून लॉट नदीच्या खोऱ्यात उतरतो, आणि एस्पालियाँ व एस्तँ यांच्या जुन्या पुलांजवळून कोंक येथील संत फॉय हिच्या मठाकडे जातो. पुढे काओर येथे १३०८ मध्ये आरंभिलेला तीन बुरुजांचा पूल आजही उभा आहे. तो बांधण्यास इतका काळ लागला की, स्थापत्यकाराने सैतानाशी करार केल्याची दंतकथा लोकांनी रचली!

ओब्राकच्या पठारावर हिवाळ्यात बर्फ व धुके दाट असते. तेथे सुमारे ११२० मध्ये आदालार नावाच्या एका सरदाराने यात्रेकरूंसाठी आश्रयगृह स्थापिले. रात्री व धुक्यात तेथील घंटा वाजत राही. वाट चुकलेल्यांची घंटा असेच तिचे नाव. तिचा नाद ऐकून वाटसरू दाराशी येई. बेनेडिक्टपंथी मठांतील आतिथ्य संत बेनेडिक्ट यांच्या नियमावर आधारलेले होते. आलेल्या प्रत्येक अतिथीस ख्रिस्त समजून स्वीकारावे, असे तो नियम सांगतो.

ही वाट पुढे ओसाड कशी झाली? यात्रेविषयीचा संशय चर्चमध्ये जुनाच आहे. चौथ्या शतकात न्यिसाच्या ग्रेगरींनी लिहिले होते की, स्थळ बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही. १५२० मध्ये मार्टिन लूथर यांनी रोमच्या यात्रा बंद कराव्यात अशी मागणी केली, आणि यात्रेच्या नावाखाली घरदार व गरीब शेजारी विसरणाऱ्यांवर त्यांचा रोष होता, हेही विसरता कामा नये. त्यानंतर धर्मयुद्धांनी मठ जाळले. १६७१ व १६८६ मध्ये चौदाव्या लुईने परदेशी यात्रेस राजाच्या व बिशपांच्या लेखी परवानगीचे बंधन घातले. अखेर राज्यक्रांतीत, १७९० मध्ये, मठसंस्थाच बरखास्त झाल्या. पूल उभे होते, कोंकच्या द्वारावरील अंतिम न्यायाचे शिल्प उभे होते, नदी वाहतच होती. आश्रयगृहांची दारे मात्र बंद झाली, आणि चालणारे थांबले.

पुनरुज्जीवन आले ते अनपेक्षित दिशेने. १९४७ मध्ये फ्रान्समधील पदभ्रमणप्रेमींनी दीर्घ पायवाटांवर पांढऱ्या व तांबड्या पट्ट्यांची खूण रंगविण्याचा उपक्रम हाती घेतला. १९७०च्या दशकात ल प्युईची जुनी वाट अशाच खुणांनी ६५ क्रमांकाची पायवाट म्हणून पुन्हा आखली गेली. १९८७ मध्ये युरोप परिषदेने सांतियागोच्या मार्गांस सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९८ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत फ्रान्समधील मार्ग समाविष्ट झाले. आरंभी हे काम भक्तांचे नव्हते, सहलीस निघणाऱ्यांचे होते. परंतु वाट मोकळी होताच घरे उघडली, आणि कोंकच्या मठात आजही सायंप्रार्थनेनंतर वाटसरूंस आशीर्वाद दिला जातो.

४. बुडालेली वाट

नर्मदेच्या खोऱ्यात याच्या उलट घडले. येथे आतिथ्य राहिले आणि वाटच बुडाली. १९६१ मध्ये कोनशिला बसविलेल्या सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर झाली, आणि २०१९ मध्ये ते प्रथमच काठोकाठ भरले. वरच्या अंगास इंदिरासागराने २००४ मध्ये हरसूद हे गाव गिळले. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली व परिसरातील आदिवासी गावे, काठावरील मंदिरे, शेते व जुनी पाऊलवाट ही सर्व पाण्याखाली गेली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा लढा नर्मदा बचाव आंदोलनाने दशकानुदशके चालविला. वाटसरू आता जलाशयास वळसा घालून दूरच्या डोंगरांतून किंवा डांबरी रस्त्याने चालतात. आणि ज्यांची स्वतःची घरे हलविली गेली, अशांच्या नव्या घरांतही त्यांस भाकरी मिळते.

दोन्ही इतिहास शेजारी ठेवले असता आमच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. फ्रान्समध्ये दगड राहिले व दारे मिटली, तेव्हा वाट मेली. नर्मदेवर दगड बुडाले व दारे उघडी राहिली, तेव्हा वाट सरकली, पण मेली नाही. वाट म्हणजे काठच्या घरांचे आतिथ्य होय.

५. आम्हांस बोध

काही वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, आम्ही दोन धर्मशिक्षकांसह सिहोर जिल्ह्यातील नर्मदातीराने तीन दिवस चाललो. दुसऱ्या सायंकाळी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर आम्ही टेकलो. घरच्या वृद्ध मातोश्रींनी रोटी व वांग्याची भाजी आणून ठेवली, तेव्हा आम्ही संकोचून सांगितले की आम्ही परिक्रमावासी नव्हेत, ख्रिस्ती धर्मसेवक आहोत. त्यावर त्यांनी इतकेच विचारले, “पैदल आए हो न?” आणि त्या दुसरी रोटी आणावयास आत गेल्या. त्या रात्री आम्हांस आमच्या स्वतःच्या आवाराचे फाटक आठवले. ते सायंकाळी सात वाजता बंद होते, आणि त्यास कुलूप लावण्याचा आदेश आमचाच होता.

परिक्रमा व ख्रिस्ती यात्रा यांत धर्मशास्त्रीय भेद आहे, तो पुसण्याचे कारण नाही. नदी आमच्यासाठी निर्मात्याची कृती आहे, स्वतः उपास्य नव्हे. परंतु आतिथ्याच्या बाबतीत आमचा स्वतःचा ठेवा आम्ही विसरलो आहोत. योहानाच्या तिसऱ्या पत्रात गायसची प्रशंसा आहे ती अनोळखी बंधूंस आश्रय दिल्याबद्दल, आणि दियत्रफेसावर ठपका आहे तो दार लावल्याबद्दल. ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात फिरत्या उपदेशकास एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस ठेवून घ्यावे, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा समजावा, असा व्यवहारी नियम आहे. यजमानाने दार उघडावे व वाटसरूने ओझे होऊ नये, ही दुहेरी शिस्त नर्मदाकाठच्या माणसांस कोणी ‘दिदाखे’ न शिकविताच ठाऊक आहे.

आमचे जुने धर्मशिक्षक गावोगाव पायी जात, आणि म्हणून ते लोकांच्या ओसरीवर जेवत. आज मोटारसायकलने आम्ही एका दिवसात पाच गावे करतो व जेवावयास घरी परततो. वेळ वाचतो, यात शंका नाही. परंतु कोणाचे पाहुणे होण्याची संधीही वाचलेल्या वेळाबरोबर निघून जाते. इम्माऊसच्या वाटेवर प्रभू बराच काळ चालला, आणि भाकर मोडताना ओळखला गेला. तेथेही दोघा शिष्यांनी आधी त्यास घरी राहण्याचा आग्रह केला होता.

म्हणून वाचकांस आमची विनंती मर्यादित आहे. वर्षातून एकदा तरी आपल्या सेवाक्षेत्रातील एखादे दूरचे गाव पायी गाठावे व तेथे रात्र काढावी. आणि आपल्या आवारात एक खोली, एक घडा पाणी व एक चटई वाटसरूसाठी ठेवावी, मग तो कोणत्याही नावाने देवास हाक मारीत असो. ओब्राकची घंटा वाजवणाऱ्यास धुक्यातून कोण येत आहे हे दिसत नसे. तो ती वाजवीत राही. आमच्या आवाराच्या फाटकास आता रात्री कुलूप नसते, एवढे नमूद करून आम्ही हा लेख पुरा करतो.