जीनोम जुळणी व ग्राफिक्स प्रोसेसर

सजीवाच्या संपूर्ण डीएनएस जीनोम म्हणतात. क्रमवाचक यंत्रांना हा रेणू टोकापासून टोकापर्यंत सलग वाचता येत नाही. म्हणून त्याच्या असंख्य तुकड्यांचे वाचन करून, त्यांच्या परस्परव्यापी भागांवरून मूळ क्रम पुन्हा मांडतात. या क्रियेस जीनोम जुळणी असे म्हणतात.

फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये फाय-एक्स १७४ या विषाणूचा सु. ५,४०० क्षारकांचा क्रम निश्चित केला. तुकडे जुळविण्याचे संगणकीय कार्यक्रम रॉजर स्टेडन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये हीमोफिलस इन्फ्ल्यूएन्झी या जीवाणूचा सु. १८.३ लाख क्षारक-जोड्यांचा जीनोम याच मार्गाने पूर्ण झाला. मानवी जीनोम सु. ३०० कोटी जोड्यांचा आहे. सँता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जिम केंट यांनी जून २००० मध्ये त्याचा मसुदा जुळविला, तेव्हा सु. १०० संगणकांचा समूह वापरावा लागला. पुढे क्रमवाचन स्वस्त होऊन तुकड्यांची संख्या कोट्यवधींवर गेली आणि वाचनापेक्षा जुळणीच अवघड होऊ लागली.

ग्राफिक्स प्रोसेसर मूळचा पडद्यावरील चित्रे रेखाटण्यासाठी घडविलेला असून, एकच साधी क्रिया हजारो ठिकाणी एकाच वेळी करणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. एनव्हिडिया कंपनीच्या कूडा या प्रणालीमुळे २००७ पासून तो सर्वसाधारण गणनेसाठी वापरणे सुलभ झाले. त्याच वर्षी ममरजीपीयू या कार्यक्रमाने क्रमांची तुलना करण्याच्या मुख्य टप्प्यात सु. दहापट वेग साधला. मेगाहिट या जुळणी-कार्यक्रमाने २०१५ मध्ये मातीतील सूक्ष्मजीवांची २५२ अब्ज क्षारकांची सामग्री एकाच संगणकावर ४४.१ तासांत जुळविली; ग्राफिक्स प्रोसेसरविना त्याच कामास ९९.६ तास लागले.

तथापि हा लाभ सर्व टप्प्यांत सारखा नसतो. क्रमांची तुलना, मोजणी व वर्गवारी ही एकसारखी कामे जलद होतात. परंतु तुकड्यांच्या गुंतागुंतीच्या आलेखातून वाट काढताना प्रत्येक पाऊल मागील पावलावर अवलंबून असते, शिवाय प्रोसेसरची स्मृतीही मर्यादित असते. २०२१ मध्ये मेटाहिपमर या कार्यक्रमाचा एक टप्पा सु. सातपट जलद झाला, पण समिट या अमेरिकन महासंगणकाच्या ६४ घटकांवर एकंदर कार्यक्षमता ४२ टक्केच वाढली.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. तुकड्याहून लांब असलेला पुनरावृत्त भाग कितीही वेगवान गणनेने उलगडत नाही, कारण आवश्यक माहितीच तुकड्यात नसते. मानवी जीनोमचा उरलेला सु. ८ टक्के भाग २०२२ मध्ये उलगडला, तो मुख्यत्वे लांब तुकडे वाचणाऱ्या नव्या यंत्रांमुळे. गणनेचा वेग वाचनातील उणीव भरून काढू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.