तळटीप १४ : हिरवा सूर्य

१४. हिरवा सूर्य : हा लेखकाचा कल्पनाविलास नव्हे. सप्टेंबर १८८३मध्ये मद्रास व सिलोन (आजची श्रीलंका) येथे काही दिवस सूर्य हिरवा-निळसर दिसल्याच्या नोंदी आहेत. कारण, जावा-सुमात्रांमधील सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाटोआ ज्वालामुखी. त्याचा महास्फोट २७ ऑगस्टला झाला. एरवी हवेचे रेणू आणि अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून मावळतीचा सूर्य तांबडा. कण जवळपास एकाच आकाराचे आणि प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे असले की उलटे घडते : तांबडा विखुरतो, हिरवा-निळा डोळ्यांपर्यंत पोचतो. जड राख लवकर खाली बसली. पण गंधकाच्या वायूपासून झालेले आम्लाचे थेंब स्थितांबरात वर्षाहून अधिक काळ तरंगत राहिले. त्यांनी ऊन परतवले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान काही दशांश अंशांनी उतरले. (काजळी मात्र ऊन शोषून भोवतालची हवा तापवते, लेखक दोहोंना सरसकट ‘धूर’ म्हणतो, ते बरोबर नाही.) त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे रक्तवर्णी क्षितिज पाहून आगीचे बंब धावले होते. पुढील परिच्छेदातला लांबलेला संधिप्रकाशही याच थेंबांचा. — संपा.